सातशे पन्नासांपैकी दोनशे ब्याऐंशी

दिवाळीत आमच्या रावेरकडे पाहुणा आला, की आधी फराळाचे ताट बाहेर येते आणि ताटामागून घरातला मुलगा किंवा मुलगी येते. पाहुणा चकलीचा तुकडा मोडतो, मुलाकडे पाहतो आणि विचारतो, “काय रे, किती पडले?” कशात पडले आणि कोणी पाडले, हे सांगावे लागत नाही. ज्याला ब्याण्णव पडले त्याची आई स्वयंपाकघराच्या दारातून एक पाऊल पुढे येते; ज्याला बावन्न पडले त्याची आई चहाचे निमित्त करून आत जाते. ताटातला लाडू तोच, कंदील तोच. पण घरातला उजेड मात्र एका आकड्याने कमीजास्त होतो.

या ‘पडले’ शब्दाचा मी पुष्कळ विचार केला आहे. आपण पाऊस पडला म्हणतो, गारा पडल्या म्हणतो, केळीचा भाव पडला म्हणतो. आणि त्याच चालीवर गुण पडले म्हणतो. जणू ते आभाळातून येतात, आणि त्यांत माणसाचा हात नसतो! वस्तुतः गुण कोणी तरी देत असतो. प्रश्न कोणी तरी काढतो, उत्तर कोणी तरी तपासतो, उत्तीर्णतेची रेघ कोणी तरी ओढतो. पण तो ‘कोणी तरी’ आपल्या बोलण्यातून नाहीसा झाला आहे. माझी तक्रार अशी, की तो आपल्या वाङ्मयातूनही बहुतेक नाहीसाच आहे. आपल्या आत्मचरित्रांत आणि कादंबऱ्यांत परीक्षा जागोजाग आहेत. परीक्षार्थी आहेत, त्यांचे हाल आहेत, यश-अपयश आहे. परंतु परीक्षकाची परीक्षा क्वचितच आहे.

मी समीक्षक नव्हे. मॅट्रिकच्या पुढे माझे शिक्षण गेले नाही. शाळेत मुलांना मराठी शिकवतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. तेव्हा ज्या पुस्तकांविषयी आणि माणसांविषयी इथे लिहिणार आहे, ती मी पंडिताच्या नव्हे, पेपर तपासणाऱ्याच्या डोळ्यांनी वाचली आहेत, असे वाचकांनी समजावे.

प्रथम महर्षी कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’ घ्या. १९१५ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक आज फारसे कोणी उघडत नाही. पण त्यातला एक प्रसंग महाराष्ट्राला ठाऊक आहे. १८७५ साल. कोकणातल्या मुरुडचा सतरा वर्षांचा धोंडू सहाव्या इयत्तेच्या परीक्षेला निघतो. परीक्षेचे ठिकाण सातारा. बोटीची सोय जमत नाही, म्हणून तो आणि त्याचे सोबती शंभराहून अधिक मैलांची डोंगरातली वाट पायांनी तुडवतात आणि चार दिवसांत साताऱ्यास पोहोचतात. तिथे परीक्षा समितीपुढे मुलगा उभा राहतो. परीक्षेला वयाची अट सतरा वर्षांची. मुलगा अंगाने किरकोळ, चेहऱ्याने लहान. साहेब त्याच्याकडे पाहतो आणि म्हणतो, हा सतराचा दिसत नाही. संपले! हातातला दाखला फुकट, चालणे फुकट. पुढल्या वर्षी तो ती परीक्षा उत्तीर्ण झाला. पुढे फर्ग्युसन कॉलेजात गणिताचा प्राध्यापक झाला, विधवांचा आणि स्त्रीशिक्षणाचा कैवारी झाला, शंभर वर्षे ओलांडून जगला आणि १९५८ साली भारतरत्न झाला.

हा प्रसंग शाळांतून आपण चिकाटीचा धडा म्हणून सांगतो. मीही सांगितला आहे. पण पेपर तपासणाऱ्याच्या डोळ्यांनी वाचला, तर त्यात आणखी एक धडा आहे. परीक्षेचा नियम अगदी उघड होता, सर्वांना सारखा होता. अमुक वय हवे, यात अन्याय काहीच नाही. अन्याय झाला तो नियमात नव्हे, नियम लावणाऱ्या नजरेत. कर्व्यांच्या लेखणीची मौज अशी, की ते या साहेबाविषयी एकही कडवट शब्द खर्च करीत नाहीत. हा त्यांचा स्वभाव आणि हेच त्यांच्या गद्याचे सामर्थ्य. परंतु साहित्याच्या दृष्टीने मला ती एक उणीवही वाटते. त्या साहेबाला आपण काय केले हे कळले का? त्याला रात्री झोप लागली का? मराठी आत्मचरित्रांतला साहेब नेहमी असा एक वाक्य बोलून पडद्याआड जातो.

आता दोन माणसे शेजारी उभी करतो. या दोघांना एकत्र पाहिल्याशिवाय गुणवत्ता या शब्दाचा अर्थ लागत नाही, अशी माझी समजूत आहे.

पहिले चिंतामणराव देशमुख. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची आणि पहिली मॅट्रिकची परीक्षा १८५९ ची. न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर त्या पहिल्या परीक्षेतले. तेव्हापासून मॅट्रिकला पहिला येणे ही महाराष्ट्रात एक दंतकथाच होऊन बसली. आणि मॅट्रिकला संस्कृतात सर्वांच्या वर येणाऱ्यास मिळणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती तर ब्राह्मण-प्रभूंच्या घरांत देवघरातल्या शाळिग्रामासारखी पूज्य. १९१२ साली चिंतामणराव मॅट्रिकला विद्यापीठात पहिले आले आणि ही शिष्यवृत्तीही त्यांनी मिळवली. पुढे केंब्रिज, १९१८ साली आय. सी. एस. च्या परीक्षेत पहिला क्रमांक, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. मेघदूताचा मराठी अनुवाद करणारा अर्थमंत्री आपल्याला दुसरा सापडायचा नाही. १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडले, तेव्हा परीक्षेतला पहिला क्रमांक माणसाला कणा देत नाही असे म्हणणाऱ्यांची तोंडे बंद झाली. त्यांचे ‘द कोर्स ऑफ माय लाइफ’ हे आत्मचरित्र १९७४ चे. परीक्षेने निवडलेला माणूस निवड सार्थ करतो, याचे ते जिवंत उदाहरण आहे. आणि परीक्षांवर टीका करणाऱ्याने ते आधी मान्य केले पाहिजे.

दुसरे डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. गुण किती? ७५० पैकी २८२. म्हणजे शंभरास साडेसदतीसच्या आसपास. त्या आकड्याकडे आजच्या डोळ्यांनी पाहावे. राज्यात आज अभियांत्रिकीच्या प्रवेशाला बारावीत खुल्या वर्गास ४५ आणि राखीव वर्गास ४० टक्क्यांची अट आहे. १९०७ ची मॅट्रिक आणि आजची बारावी या एका तराजूत घालावयाच्या वस्तू नव्हेत, हे मला कळते. त्या काळी गुण देणाऱ्यांचे हात आखडलेले होते. तरीसुद्धा तो आकडा नुसता आकडा म्हणून एखाद्या यंत्रापुढे ठेवला, तर यंत्र काय करील? दार लावून घेईल.

पण त्या वेळी यंत्र नव्हते. कृष्णाजी अर्जुन केळूसकर नावाचे एक शिक्षक होते. छत्रपतींचे आणि गौतम बुद्धाचे चरित्र लिहिणारे हे गृहस्थ चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. तिथेच रोज पुस्तकात डोके खुपसून बसलेला हा मुलगा त्यांच्या नजरेस आला. मॅट्रिक झाल्यावर मुलाचा सत्कार झाला, त्या सभेत केळूसकरांनी त्याला आपले बुद्धचरित्र दिले. पुढे तेच त्याला सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले. महाराजांनी मुलाला काही प्रश्न विचारले, उत्तरे ऐकली आणि महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली. १९१३ साली त्याच बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंडांवर, भीमराव कोलंबिया विद्यापीठात गेले. २८२ हा आकडा केळूसकरांना ठाऊक नव्हता असे थोडेच आहे? परंतु त्यांनी त्या मुलाला बागेतल्या बाकावर वाचताना पाहिले होते, आणि गुणपत्रिकेत बाकाचा रकाना नसतो.

आणि यातली सर्वांत बोचणारी गोष्ट अजून सांगावयाची राहिली आहे. शंकरशेट शिष्यवृत्ती संस्कृताची. भीमराव संस्कृतात पहिले का आले नाहीत, हा प्रश्नच फोल आहे. कारण त्यांनी संस्कृत हा विषय घेतलाच नव्हता. घेतला नव्हता म्हणजे घेऊ दिला नव्हता. थोरल्या भावाला अस्पृश्य म्हणून संस्कृत शिकवण्यास नकार मिळाला, आणि पाठच्या भावालाही फारसीकडे वळावे लागले, असे बाबासाहेबांनीच सांगितले आहे. पुढे ते स्वतःच्या कष्टाने संस्कृत शिकले. तेव्हा वाचकहो, शर्यत सर्वांना सारखी होती, पण एकाला मैदानातच येऊ दिले नव्हते. पहिला आलेल्याचा यात काडीचा दोष नाही. त्याने ते यश स्वतःच्या बुद्धीने मिळवले. पण शर्यतीच्या निकालपत्रावर मैदानाबाहेर उभ्या असलेल्यांची नावे छापलेली नसतात, एवढे आपण लक्षात ठेवावयाचे.

१९५० साली देशमुख अर्थमंत्री झाले, तेव्हा आंबेडकर विधिमंत्री होते. सातशे पन्नासांपैकी २८२ गुणांचा मॅट्रिक आणि मॅट्रिकला पहिला आलेला, हे दोघे वर्षभर एका मंत्रिमंडळाच्या टेबलाशी बसले. मी कादंबरीकार आहे. एवढा मोठा प्रसंग मला कल्पनेने रचता आला नसता.

आता आमच्या खानदेशाकडे येतो. भालचंद्र नेमाडे यांचा जन्म आमच्या शेजारच्या यावल तालुक्यातल्या सांगवीचा. त्यांची ‘कोसला’ १९६३ साली आली, आणि आमच्या मातीतला एक मुलगा, पांडुरंग सांगवीकर, मराठी कादंबरीचा नायक झाला. पुण्याला कॉलेजात जातो, वसतिगृहाच्या भानगडींत पडतो, परीक्षांत ढेपाळतो आणि हात हलवीत गावी परततो. मराठी कादंबरीत नापास होणे इतक्या मोकळेपणाने आणि इतक्या विनोदाने आधी कोणी मांडले नव्हते. परीक्षेची ही सगळी कवाईत किती पोकळ आहे हे त्या मुलाला कळले आहे, आणि आपण हसता हसता एकदम गप्प होतो. या कादंबरीचे ऋण आम्हां खानदेशी लेखकांवर फार आहे. आपले बोलणे पुस्तकात चालते, हे तिने आम्हांला शिकवले.

परंतु तिच्याविषयी माझे एक भांडण आहे, आणि ते मी पंचवीस वर्षे मनातल्या मनात भांडतो आहे. पांडुरंगाला नापास होणे परवडते. मागे घर आहे, शेत आहे, कुरकुरत का होईना पैसे पाठवणारा बाप आहे. परीक्षेची थट्टा करण्याचा अधिकार त्याला आहे, कारण परीक्षा हे त्याचे एकमेव दार नाही. आमच्या वर्गात दोन प्रकारची मुले बसतात. एक केळीच्या बागेच्या मालकाचा मुलगा, दुसरी त्याच बागेत घड कापणाऱ्या मजुराची मुलगी. पहिला नापास झाला तर बागेत जातो. दुसरी नापास झाली तरी बागेतच जाते. पण त्या दोन जाण्यांत केवढा फरक! ‘कोसला’ पहिल्या जाण्याची थोर कादंबरी आहे. दुसऱ्या जाण्याची कादंबरी आम्ही अजून लिहिलेली नाही. मीही लिहिलेली नाही.

मजुराच्या त्या मुलीसाठी परीक्षा ही पोकळ कवाईत नसते. तिच्यापुरता हिशेब सांगतो. केंद्र सरकारची आर्थिक दुर्बल घटकांतल्या विद्यार्थ्यांसाठी एक शिष्यवृत्ती परीक्षा आहे. २००८ साली योजना सुरू झाली, परीक्षा आठवीत होते. बौद्धिक क्षमतेचे नव्वद आणि शालेय विषयांचे नव्वद असे प्रश्न. देशभर एक लाख मुलांची सोय, त्यांत महाराष्ट्राचा वाटा ११,६८२. पहिल्याने महिना ५०० रुपये मिळत. २०१७ पासून १,००० मिळतात, म्हणजे नववी ते बारावी चार वर्षांत ४८,००० रुपये. ज्या घरात दिवाळीचा किराणा उधारीवर येतो, त्या घरात हा आकडा म्हणजे मुलीचे लग्न चार वर्षे पुढे ढकलण्याची हिंमत. तेव्हा परीक्षा बंद करा, गुण बंद करा, असे जे मोठमोठे विद्वान म्हणतात, त्यांच्या मेळ्यात मी जाणार नाही. चिठ्ठी, वशिला आणि ओळख यांच्यापेक्षा गुण हा गरिबाचा बरा सोबती आहे. त्याला मुलीच्या बापाचे नाव ठाऊक नसते.

साता समुद्रांपलीकडेही हेच कोडे आहे. अमेरिकेत कॉलेज प्रवेशासाठी ‘सॅट’ नावाची चाचणी १९२६ साली निघाली. ती बनवणारे प्रिन्स्टनचे प्राध्यापक कार्ल ब्रिगहॅम यांनी तीन वर्षे आधी वंशावरून बुद्धी ठरवणारे पुस्तक लिहिले होते. १९३० साली त्यांनी ते मत स्वतःच मागे घेतले. पण त्याच चाचणीचा उपयोग हार्वर्डचे अध्यक्ष कोनंट यांनी १९३४ च्या सुमारास वेगळ्या हेतूने केला: श्रीमंत शाळांबाहेरचा हुशार मुलगा हुडकून त्याला शिष्यवृत्ती द्यावी म्हणून. २०२० च्या महामारीत तिकडच्या पुष्कळ विद्यापीठांनी ही अट सोडली. एमआयटीने २०२२ साली ती पुन्हा आणली. कारण दिले ते असे, की लहानशा शाळेतल्या मुलाची तयारी ओळखावयास दुसरे साधन हाती राहत नाही. एकच चाकू: कोणी भाजी चिरतो, कोणी बोट.

मग दुखणे कोठे आहे? मला वाटते, परीक्षेचा प्रश्नच गुपचूप बदलला आहे. कर्व्यांच्या वेळी परीक्षा विचारी, ‘याला येते का?’ आजची प्रवेशपरीक्षा विचारते, ‘याच्या मागे किती आहेत?’ राज्याच्या सीईटीचा निकाल आता गुणांत नव्हे, पर्सेंटाइलमध्ये लागतो. पालकसभेत अर्धे पालक पर्सेंटाइल म्हणजे टक्केच समजतात. तसे नाही. पर्सेंटाइल ९० म्हणजे शंभरातली नव्वद मुले तुमच्या बरोबरीला किंवा खाली आहेत. तुम्हाला किती आले याचा तो हिशेब नव्हेच. शेजाऱ्याचे घसरले तर तुमचे वाढते. अनेक दिवस, अनेक पाळ्यांत परीक्षा घ्यावयाची तर वेगवेगळ्या प्रश्नपत्रिकांचा मेळ घालावयास असे काही गणित लागते, हे खरे. परंतु त्या गणिताने मुलांच्या मनावर काय कोरले, याचा विचार कोणी केला नाही. ज्ञान वाटले तर वाढते, असे आम्ही सुविचाराच्या फळ्यावर लिहितो, आणि मुलगा मनात म्हणतो, वाटले तर माझे पर्सेंटाइल कमी होते!

या मोजमापाच्या गमतीही काही कमी नाहीत. अभियांत्रिकीच्या गुणवत्ता यादीत सीईटी सर्व काही, आणि बारावी फक्त दारातली अट. म्हणून मुले दोन वर्षे कॉलेजात नाव घालून क्लासात बसतात. २०२४ साली वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत ४ जूनला निकाल लागला तेव्हा ७२० पैकी ७२० मिळवणारे ६७ जण निघाले. १,५६३ जणांना वाढीव गुण दिलेले होते, ते काढून घेतले, त्यांची फेरपरीक्षा झाली; प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि सुधारित निकालात ६७ चे १७ उरले. त्याच्या आदल्या वर्षी पदव्युत्तर वैद्यकीय जागा रिकाम्या राहू लागल्या, तेव्हा पात्रतेची रेघ शून्य पर्सेंटाइलवर आणून ठेवली. काल जी रेघ दगडावरची होती, ती आज जागा भरावयाच्या म्हणून पाण्यावरची झाली. मी रेघ पुसा म्हणत नाही. मी एवढेच म्हणतो, की रेघ माणसाने ओढलेली असते, आणि ओढणाऱ्याने तिच्याखाली सही करावी.

आता माझी सही.

आमच्याकडे बहिणाबाई चौधरी आमच्या घरच्या. असोद्याची ही माउली १९५१ साली गेली, १९५२ साली तिची गाणी पुस्तकरूपाने आली, आणि अत्र्यांनी प्रस्तावना लिहून ती महाराष्ट्रापुढे ठेवली. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. तिची बोली ती आमची, रावेर-यावलकडची लेवा बोली. ‘मला’ला ‘मले’ म्हणणारी. २०१८ साली जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला तिचे नाव दिले. जिला कोणत्याही परीक्षेचा अर्जसुद्धा भरता आला नसता, तिचे नाव आज हजारो गुणपत्रिकांच्या माथ्यावर आहे. हा विनोद आहे की न्याय, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

तर सातवीच्या वार्षिक परीक्षेत मी एक प्रश्न काढला होता. कवितेत बहिणाबाई होत्या, आणि निबंधाला विषय दिला होता ‘माझी आजी’. त्या वर्गात घड कापणाऱ्या मजुराची एक मुलगी होती. नाव सांगत नाही. तिने लिहिले ते मला अजून आठवते. आजी पहाटे केळीच्या पानावर भाकर बांधून देते, आणि सांगते की पान टाकून देऊ नको, बकरीला घाल. म्हणजे तुझेही पोट भरले आणि तिचेही. असे चार परिच्छेद. पण सगळे बोलीत. ‘आजीनं मले सांगतलं’, ‘मी तिले म्हटलं’. मी लाल पेन घेतला. प्रमाणभाषा नाही म्हणून ‘मले’खाली रेघ, ‘तिले’खाली रेघ. निबंधाचे पाच गुण कापले. मनात एवढाच विचार, की मुलीला पुढे अडचण येऊ नये, आताच सवय लागावी. हेतू वाईट नव्हता. त्या साताऱ्याच्या साहेबाचाही नसेल.

पुढल्या वर्षी शिष्यवृत्तीचे अर्ज भरावयाचे निघाले. अट अशी, की सातवीत निदान ५५ टक्के हवेत. तिच्या बेरजेत चार गुण कमी होते. मी गुणपत्रक दोनदा तपासले. बेरीज बरोबर होती. माझे पाच गुणही तिथेच होते, निळ्या शाईत, माझ्या हस्ताक्षरात. मुख्याध्यापकांना काही सांगावे असे मनात आले. पण निकाल लागून गेलेला, आणि एकदा दिलेले गुण बदलले असा बोभाटा होईल ही भीती. मी गप्प बसलो. मुलीला म्हणालो, “तुला थोडे कमी पडले गं.” पडले! तोच शब्द. पाऊस पडावा तसा. तिनेही मान डोलावली. गुण देणारा माणूस समोर उभा आहे, हे तिला सुचलेसुद्धा नाही.

ती परीक्षेला बसली असती तर शिष्यवृत्ती मिळालीच असती, असे मी म्हणत नाही. ते कोणालाच सांगता यायचे नाही. पण बसण्याचा तिचा हक्क मी कापला, आणि तो ज्या भाषेसाठी कापला त्याच भाषेतली कविता त्याच प्रश्नपत्रिकेच्या पहिल्या पानावर मीच छापली होती. बहिणाबाईंचे ‘मले’ पाठ्यपुस्तकात गेले म्हणजे रत्न, आणि मजुराच्या मुलीचे ‘मले’ उत्तरपत्रिकेत आले म्हणजे चूक! कर्वे माफ करतील, पण परीक्षकाची परीक्षा मराठी वाङ्मयात क्वचित का आहे याचे कारण मला त्या दिवशी कळले. लिहिणारे बहुतेक सारे परीक्षेच्या त्या बाजूला जाऊन बसलेले असतात.

मग करावयाचे काय? सरकारी समित्या नेमल्या जातील, अहवाल येतील. माझ्या हाती लाल पेन आहे, तेवढ्यापुरते सांगतो. गुण द्यावेत, पण त्याआधी मुलाला बागेतल्या बाकावर बसलेले एकदा पाहावे. अट घालावी, पण चार गुणांनी अट चुकली तर दुसऱ्या माणसाने कागद पुन्हा वाचावा, अशी एक खिडकी ठेवावी. परीक्षा एक असू द्यावी. मोजमाप मात्र एकच नसावे. आणि शंकरशेटांच्या नावाइतकीच केळूसकरांच्या नावाचीही एखादी शिष्यवृत्ती असावी, जी मुलाला नव्हे, मूल ओळखणाऱ्या शिक्षकाला मिळेल.

ती मुलगी दहावीपर्यंत शिकली. पुढे लग्न झाले. आता केळी भरण्याच्या कामावर जाते. यंदा जूनमध्ये ती शाळेत आली, बोटाला धरून एक सहा वर्षांची पोर. पहिलीत नाव घालावयाचे होते. मला पाहून तिने पदर सावरला आणि पोरीला म्हणाली, “सरांच्या पाया पड.” तिच्या बोलण्यात कसली अढी नव्हती. तीच मला सोसवेना. मी पोरीला विचारले, “तुझं नाव काय बेटा?” ती म्हणाली, “मले येते लिहाले. सांगू का?”

आईने चटकन तिला दटावले. “मले नाही, मला म्हणावं.”

म्हणजे माझा धडा तिने नीट पाठ केला होता. पंधरा वर्षांत विसरली नव्हती.

मी पोरीच्या हातात खडू दिला आणि म्हटले, “लिही.”